साठ पाचुंद्यांचा आहेर

ज्वारी माणूस खातो आणि कडबा जनावर खाते, एवढ्यावरून ज्वारी थोर व कडबा हलका असा निवाडा करणाऱ्या अनेक सुशिक्षित मंडळींना मी माझ्या टेबलासमोर उभे करून समज दिलेली आहे. आज ज्वारीचे पोते विकून जे हाती येते, त्याहून अधिक पुष्कळदा त्याच रानातल्या कडब्याचे येते, हे आता शहाण्या लोकांच्याही ध्यानात येऊ लागले आहे. आमच्या खटावच्या कोरडवाहू मुलखात ही गोष्ट बायाबापड्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. मी शिक्षणाने नववी नापास. तथापि तीन दशकांहून अधिक काळ वडूज येथे लोकांचे अर्ज, हरकती व कैफियती लिहीत आलो असून, माझ्या हातच्या अर्जावर 'मुद्दा स्पष्ट नाही' असा शेरा मारण्याचे धाडस अद्याप कोणा कारकुनाने केलेले नाही. ही विद्या आपण कोणत्या गुरूपाशी शिकलात, असे नवशिके मला विचारतात. त्यांच्यासाठी, आणि हौसाआत्यासाठीही, हे प्रकरण लिहून ठेवणे मी आवश्यक समजतो.

आमचे घर वडूजपासून दोन कोसांवर, माळाच्या उतरणीला होते. घर तीन खणांचे, पण त्याच्या पाठीमागे उभी असणारी कडब्याची वळई, म्हणजे रचलेली गंज, मात्र घराहून लांब व घराहून उंच असे. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी सुरू झाली की, आमच्या घरातले सारे आवाजच बदलून जात. पहाटेपासून रानात ताटे उपटल्याचा कचकच आवाज, दुपारी कणसे मोडल्याचा टचटच आवाज, आणि पेंढ्या उचलू लागले की कोरड्या पानांची अशी सळसळ की, शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये. आई पेंढी बांधे ती ताटाचाच पीळ देऊन, गुडघा रोवून. तिची पेंढी दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावे. बाजारात कडबा शेकड्यावर विकतात, पेंढी लहान असो वा मोठी. त्यामुळे शहाणे लोक पेंढी बारीक बांधतात. आईला हे कोणी सुचवले की ती म्हणे, "बारीक पेंढी बांधणाऱ्याच्या घरची म्हैस बी बारीकच ऱ्हाती." अशा पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. तो डोक्यावर घेतला की, माणूस दिसेनासा होई व पाचुंदाच चालत येतो आहे असे वाटे. दुपारी बांधावर बसून भाकरी, जवसाची चटणी आणि हुलग्याचे माडगे. त्या माडग्याची चव मला आज शहरातल्या एकाही हॉटेलात मिळत नाही, आणि मिळाली तर ती मी ओळखणार नाही, असेही नाही.

वळई रचण्याचे काम आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. बुडखे आत, शेंडे बाहेर, आणि थरागणिक थोडा उतार, म्हणजे वळवाचे पाणी वरच्या वर निथळून जाते. त्यांच्या वळईतली दुसऱ्या वर्षाची पेंढी ओढली तरी आतून ती केतकीसारखी पिवळी निघे. आबा मितभाषी होते. देवाविषयी, सरकारविषयी, किंबहुना माझ्या नापास होण्याविषयीही ते काही बोलत नसत. परंतु कडब्याचा विषय निघाला की ते पागोटे सारखे करून बसत आणि मग त्यांना आवरणे कठीण जाई. पुढे जे घडले ते त्यांच्या या एकाच स्वभावातून घडले.

आबांची धाकटी बहीण हौसाआत्या इस्लामपूरच्या पलीकडे उसाच्या मुलखात दिलेली होती. घर मोठे, पाणी बारमाही, यजमान फौजेत. दरसाल तिच्या गावच्या जत्रेला आमच्याकडून कडब्याची एक गाडी जाई, साठ पाचुंदे, म्हणजे तीनशे पेंढ्या. हा तिचा माहेरचा आहेर. लुगडे-चोळी वेगळी, पण खरा आहेर तो कडब्याचा. त्या बाजूला उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, हवे तेवढे. मात्र दुभत्या म्हशीला नुसत्या वाढ्यांवर ठेवता येत नाही, तिला शाळूचा गोड कडबाच लागतो. आत्याची थोरली जाऊ, एकाच सोप्याची पण वेगळ्या गोठ्याची, जिला आम्ही थोरल्या काकी म्हणत असू, तिचे माहेर मात्र बागायतदार. तिच्या भावाकडून गुळाच्या ढेपा येत. आत्याची गाडी दारात उभी राहिली की थोरल्या काकी सोप्यातून म्हणत, "आमच्याकडनं ग्वाड येतं बाई, तुमच्याकडनं वाळकं." आत्या हसून सोडून देई, पण माहेरी आली की आईपाशी डोळे पुसे.

मी सोळा वर्षांचा असताना मुलूखभर दुष्काळ पडला. आमच्याकडे शाळू कंबरेएवढाच आला, तरी आबांनी साठ पाचुंदे आधी वेगळे काढले आणि उरलेला आमच्या जनावरांना ठेवला. तशात आत्याचे कार्ड आले. शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतले होते, पण बोल तिचाच होता: 'म्हैस व्याली हाय. वाढ्याला तोंड लावत न्हाई. जत्रंच्या आत गाडी लावून दे. यंदा न्हाई आली तर थोरलीचं बोलणं मला वर्सभर गिळाय लागंल.' जत्रा शुक्रवारी होती. सोमवारी सकाळी आबांनी व मी गाडी जुंपली. आईने बैलांसाठी वेगळा कडबा एका झोळीत बांधून ती गाडीच्या तळाला अडकवली. कारण आहेराच्या गाडीतली पेंढी वाटेत सोडायची नसते, बहिणीने गाडीला हळदकुंकू लावल्याखेरीज तिला हात लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत होती. निघाल्यावर वाटेत एकाने सांगितले, "आबा, चारा जिल्ह्याभाईर इकायला बंदी केलीया सरकारनं." आबा म्हणाले, "मग आमाला काय त्येचं? आमी कुठं इकतोय?"

मंगळवारी दुपारी आम्ही दोन जिल्ह्यांच्या शिवेवरच्या नाक्याला पोचलो. आडव्या बांबूपाशी एक कारकून टेबल टाकून बसले होते. त्या कारकुनांचे व कचेरीचे नाव मी येथे लिहीत नाही. पुढे त्या कचेरीत माझे अनेक स्नेही झाले.

"काय माल?"

"कडबा."

"किती?"

"साठ पाचुंदं. मोजून घ्या हवं तर."

शिपायाने वर चढून मोजले. साठ भरले. कारकुनांनी लिहिले.

"कुठं निघाला?"

"बहिणीकडं. इस्लामपूरच्या पल्याड."

"किंमत?"

येथेच सारा घोटाळा झाला. आबांनी 'कसली किंमत साहेब, घरची चार काडं हायती' असे म्हटले असते, तर बांबू वर गेला असता. परंतु कडब्याची किंमत विचारलेली होती, आणि तीही बहिणीच्या आहेराची. आबांनी पागोटे सारखे केले.

"हजाराच्या खाली न्हाई. आवं सायेब, ह्यो शाळूचा हाय, हायब्रीडचा न्हवं. हे पान बगा. ह्ये ताट मोडून चघळून बगा, उसावानी लागंल. ह्या वर्साला असली पेंढी अख्ख्या तालुक्यात दावा, गाडी हितंच सोडून जातो."

कारकुनांनी चघळून पाहिले नाही. त्यांनी लिहिले, 'विक्रीचा माल, किंमत रुपये एक हजार', आणि गाडी कचेरीच्या आवारात नेऊन लावायला सांगितली. तहसीलदारसाहेब गुरुवारपर्यंत दौऱ्यावर होते. अडवलेला सारा चारा शुक्रवारी सकाळी सरकारी डेपोत जमा व्हायचा होता.

बुधवारी बैलांची झोळी संपली. आवारात भरलेली गाडी, तिच्या जुवाजवळ बांधलेले भुकेले बैल, आणि माना लांब करून ते त्या पेंढ्यांचा वास घेत आहेत, हे दृश्य मी विसरलेलो नाही. मी म्हणालो, "आबा, एक पेंढी सोडूया की. डेपोतच जाणार हाय सगळं." आबांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा तो शब्द काढला नाही. ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि जाणाऱ्या ऊसवाल्यांना विनवून वाढ्याचे दोन भारे घेऊन आले. आमची स्वतःची भाकरीही त्या दिवशी बेताचीच होती, परंतु तिचा उल्लेख आबांनी केला नाही म्हणून मीही तो लांबवत नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही करंजाच्या झाडाखाली बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्या तात्यांकडे गेलो. लोखंडी पेटी, पेटीवर फळी, फळीवर टाक. माणूस वयस्कर व हुशार. त्यांनी आमची हकीकत निम्मी ऐकली, झरझर लिहिले आणि वाचून दाखवले: "अर्जदार हा अत्यंत गरीब व अडाणी असून, सदर कवडीमोल कडबा..."

"काय म्हनलासा?" आबा म्हणाले.

"कवडीमोल."

"कुणाचा कडबा?"

"तुमचाच की. आवं पावणं, लिवायची रीत हाय ती. कवडीमोल म्हटलं की सायेब सोडतो. मी काय आजच लिवतोय?"

"खोडा त्यो शब्द."

"त्यो खोडला तर अर्जात ऱ्हातंय काय? नाक्यावर हजार सांगून बसलायसा. आता म्हणायचं, चुकून बोललो, कवडीची किंमत न्हाई."

"बहिणीला कवडीमोल देतोय व्हय मी?" आबांचा आवाज चढला. आवारातली माणसे पाहू लागली. "न्हाई सुटली गाडी तर ऱ्हाऊ दे. पर ह्या कागुदावर मी अंगठा न्हाई द्यायचा."

तात्यांनी टाक खाली ठेवला. "मग लिवा तुमचं तुमीच! कोरा कागुद हाय, शाई हाय. तुमचा ह्यो शिकला-सवरलेला दिसतोय, त्येला बसवा."

त्यांनी हे उपहासाने म्हटले होते. मी मात्र बसलो. त्या क्षणी माझ्या मनात काय होते, असे कोणी विचारले तर मी प्रामाणिकपणे सांगेन: आबा त्या अर्जावर अंगठा देणार नाहीत, आणि त्याशिवाय दुसरा अर्ज नाही, एवढेच होते. मला सरकारी भाषा येत नव्हती. ती येत नव्हती हेच बरे झाले, असे आज मी अनुभवाने सांगतो. मी लिहिले ते येणेप्रमाणे:

'अर्जदार कडबा विकत नाही. अर्जदार आपली बहीण सौ. हौसाबाई हिला जत्रेचा आहेर नेत आहे. नाक्यावर किंमत विचारली, ती अर्जदाराने खरी सांगितली. मुलीच्या बापाला लुगड्याची किंमत विचारली तर तो सांगतो, म्हणून तो कापडदुकानदार होत नाही. कडबा विकणारा गाडीवान वाटेत आपल्या गाडीतलाच कडबा बैलांना घालतो. आमचे बैल मंगळवारपासून या गाडीला बांधून आहेत. नाक्यावर साठ पाचुंदे मोजून लिहिले आहेत. ते आज पुन्हा मोजावेत. एक पेंढी जरी कमी भरली तर सर्व कडबा जमा करून घ्यावा. आमची हरकत नाही.'

वाचून दाखवल्यावर आबांनी पागोटे सारखे केले. मग म्हणाले, "शेवटचं लय धाडसाचं लिवलंस गड्या." आणि अंगठा दिला. तात्यांनी कागद ओढून घेऊन पाहिला. "अक्षर म्हंजी कोंबडीचं पाय हायती," एवढेच म्हणून त्यांनी तिकीट चिकटवले आणि पैसे घेतले नाहीत.

तहसीलदारसाहेब दुपारी आले. त्यांनी अर्ज आधी मनात वाचला, नंतर मोठ्याने वाचला, आणि लुगड्याच्या वाक्यापाशी थांबून चष्म्यावरून आबांकडे पाहिले.

"अहो, विकायचा नव्हता तर हजार रुपये कशाला सांगितलेत?"

"सायेब, त्येनी इचारलं. बहिणीच्या आहेराची किंमत कमी करून कशी सांगू? तुमी सांगाल का?"

नाक्यावरचे कारकून पुढे झाले. "साहेब, बहिणी सगळ्यांनाच असतात. परवा एकाच गड्यानं तीच बहीण दोन गाड्यांना सांगितली."

साहेब हसले. मग म्हणाले, "चला, मोजू या."

सारी कचेरी बाहेर आली. गाडी उतरवण्यात आली. कारकून स्वतः मोजत होते, शिपायांपैकी एकजण पाच-पाच पेंढ्या रचून ठेवत होता. चाळीस झाले, पन्नास झाले. बैल एकटक पाहत होते. सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकोणसाठ. आणि शेवटच्या पाचुंद्याला चारच पेंढ्या उरल्या.

कारकुनांनी पुन्हा पाहिले. चारच. गाडीत काही नव्हते, खाली काही नव्हते. आबांचा चेहरा मातीसारखा झाला. मी स्वतःच्या हाताने लिहिलेले शेवटचे वाक्य साहेबांच्या हातात होते, आणि त्याखाली माझ्या बापाचा अंगठा होता. "एक कमी," कारकून म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात आनंद नव्हता हे मी त्यांच्याविषयी न्यायाने नमूद करतो.

तेवढ्यात करंजाखालून तात्या ओरडले, "आवं, कमी न्हाई! त्यो फाटकावरला बगा की! बुडाखाली घेऊन बसलाय!"

साऱ्यांनी वळून पाहिले. फाटकावरचा शिपाई दगडी कट्ट्यावर ऐसपैस बसला होता. कट्टा तापतो म्हणून त्याने आदल्या दिवशी आमच्या गाडीतली एक पेंढी ओढून अंगाखाली घेतली होती आणि ती कोणाची आहे, याचा त्याला स्वतःलाही विसर पडलेला होता. तो उठला. पेंढी चेपली होती, पण आईच्या हातचा पीळ जसाच्या तसा होता. त्याने ती आणून ठेवली आणि कारकुनांनी, मला वाटते गरजेपेक्षा मोठ्या आवाजात, म्हटले, "साठ!" आवारात जो हशा व जो गलका उठला, तसा पुढे अनेक निकालांच्या वेळी ऐकण्याची मी वाट पाहिली, पण तो पुन्हा झाला नाही.

साहेबांनी अर्जाच्या समासात स्वतः लिहिले, 'आहेराचा कडबा. सोडावा. सौ. हौसाबाई यांस पोचता करावा,' आणि खाली सही केली. त्याची नक्कल आम्हाला दिली. निघताना तात्यांनी मला जवळ बोलावले. "पोरा, मी आयुष्यभर लोकांस्नी गरीब लिवून सोडवलं. तू त्येंच्या मालाला म्हाग लिवून सोडवलंस. हे मला जमलं नसतं." तेव्हापासून आजतागायत मी कोणाच्याही अर्जात कोणाचीही वस्तू कवडीमोल असल्याचे लिहिलेले नाही. हल्ली माझ्या शेजारी संगणकवाले बसतात; त्यांच्या छापील नमुन्यात 'अंदाजे किंमत' असा एक रकाना असतो, आणि लोक तो भीतभीत कमी भरतात. मी खुर्चीवरून ओरडून सांगतो, "खरी भरा!" संगणकवाल्यांना ते आवडत नाही. आवडावे अशी माझी अपेक्षाही नाही.

शुक्रवारी सकाळी, पालखी निघायच्या वेळेला, आमची गाडी आत्याच्या दारात शिरली. अंगण पाहुण्यांनी भरलेले होते. चुलीवर मटणाचा रस्सा रटरटत होता आणि सोप्यात थोरल्या काकींच्या माहेरच्या गुळाच्या ढेपा ओळीने मांडल्या होत्या. आत्या आतून धावत आली ती रिकाम्या हातानेच. मग परत जाऊन हळदकुंकवाचे ताट घेऊन आली. तिने जुवाला, चाकाला, बैलांना कुंकू लावले, आबांच्या पायाशी वाकली, आणि पहिली पेंढी ओढून तिथेच सोडून म्हशीपुढे टाकली. म्हशीने मान खाली घातली ती पेंढी संपेपर्यंत वर काढली नाही. अंगणातली माणसे जवळ सरकून पाहत होती. नुसता चावण्याचा आवाज येत होता.

उशीर का झाला, हे आबांनी चार शब्दांत सांगितले. आत्याने कागद मागितला. "सदा, वाच बरं." मी वाचला. "मोठ्यानं वाच की रं, सोप्यापतोर जाऊ दे." मी पुन्हा वाचला. 'सौ. हौसाबाई यांस पोचता करावा' येथे आल्यावर तिने मला थांबवले. "ह्यात माझं नाव हाय?"

"हाय."

"कुठं, दाव."

मी बोट ठेवले. तिला अक्षर येत नव्हते. तिने माझे बोट बाजूला सारून त्या जागी आपले बोट ठेवले आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग कागद घडी करून चोळीत घातला. "मामलेदारानं धाडलाय माझा आहेर," ती सोप्याकडे तोंड करून म्हणाली, "सही करून."

थोरल्या काकी उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिले, चघळत असलेल्या म्हशीकडे पाहिले, आणि पदर सारखा करत खाली उतरल्या. "हौसे," त्या म्हणाल्या, "माझी गाय बी चार दिसांत व्यायची हाय. दोन पेंढ्या दे की. किंमत काय ती सांग, फुकाट न्हाई न्यायची मी."

"किंमत व्हय?" आत्या म्हणाली. "किंमत माझ्या दादाला इचारा. त्यो खरी सांगंल. पर इकायचा न्हाई त्यो. आणि दोन कशाला, जाऊबाई? पाचुंदा न्या."

आबांनी पाच पेंढ्या एकत्र बांधल्या. साऱ्या जत्रेच्या पाहुण्यांदेखत थोरल्या काकींनी तो पाचुंदा डोक्यावर घेतला. त्यांचे तोंड दिसेनासे झाले, पाहुण्यांनी दोन्ही बाजूंना सरकून वाट दिली, आणि आमच्या खटावचा कडबा सळसळत, गुळाच्या ढेपांवरून पाने घासत, बागायतदारांच्या लेकीच्या गोठ्यात शिरला.